होडी भरली तरी तरली पाहिजे

माझी १७ फुटी फायबरची होडी आहे. फळ्यांखाली दोन बंद कप्पे आहेत. पाणी भरलं तर त्यांच्यावर ती तरेल ना?

कप्प्यांच्या भरवशावर राहू नका. जुन्या होड्यांचे असे कप्पे मी उघडले तेव्हा बहुतेकांत पाणीच निघालं. झाकणाचं रबर वाळतं, कुणीतरी स्क्रू आरपार मारून ठेवलेला असतो.

लाकडाची होडी भरली तरी लाकूड वर राहतं. फायबर मात्र पाण्याहून जड. २५० किलोची होडी पाण्याखाली साधारण ८० किलो भरते. त्यात ४०-४५ किलोचं इंजिन, नांगर, बॅटरी. हे उचलणार कोण? पाणी न शोषणारा फोम लिटरमागे जवळपास किलोभर वजन उचलतो. म्हणजे होडीपुरता दीडशे लिटर, आणि माणसांनी धरून राहायचं तर आणखी शंभर तरी. फोम परवडत नसेल तर २० लिटरचे रिकामे कॅन झाकण घट्ट लावून बाकांखाली पट्ट्यांनी करकचून बांधा. उघडा थर्माकोल नको, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

फोम तळात भरलेला आहे. तेवढा पुरे का?

नाही, उलट भीती जास्त. तळातला फोम भरलेल्या होडीचा तळच वर ढकलतो आणि होडी पालथी होते. फोम दोन्ही बाजूंना काठाखाली हवा, आणि इंजिनाच्या बाजूला जास्त. शिवाय तळातला फोम वर्षानुवर्षं पाण्यात भिजतो. एका होडीची तळफळी कापली, तर आतला वीतभर तुकडा विटेसारखा जड. दाबला की काळं पाणी गळायचं. मालकाला वाटत होतं इंजिन म्हातारं झालंय, म्हणून होडी पळत नाही.

अमेरिकेत २० फुटांखालच्या आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून इंजिन लावलेल्या होड्या पाण्याने भरल्यावरही सपाट तरंगल्या पाहिजेत, असा नियम १९७८ पासून आहे. तुम्हीही तपासा. छातीभर शांत पाण्यात, इंजिन काढून त्याजागी तेवढंच लोखंड बांधा आणि बादल्यांनी होडी काठोकाठ भरा.

ओहोटीला खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. आत कसं शिरायचं?

शिरू नका, बाहेर थांबा. बाहेर पडणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं, म्हणून ती आखूड आणि उभी होते. उधाणाच्या दिवसांत तर फारच. भरती लागू द्या. मग एका लाटेच्या पाठीवर राहून आत या. तिला ओलांडून पुढे गेलात तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पाण्यात घुसते, मागे पडलात तर मागून येणारी लाट इंजिनावरून आत येते. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला हवीच. आणि नांगर टाकायची वेळ आली तर नाळेवरूनच. मागून टाकला की होडी बघता बघता भरते.

होडी उलटली आणि किनारा समोर दिसत असेल तर पोहावं का?

होडी सोडू नका. पाण्यातून किनारा नेहमी जवळ वाटतो, आणि शोधणाऱ्याला लाटांत माणसाचं डोकं दिसत नाही, पालथी होडी दिसते. मोबाईल जलरोधक पिशवीत, गळ्यात. तटरक्षक दलाचा नंबर १५५४. लाईफ जॅकेट नाळेत कोंबून ठेवू नका. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. धक्क्यावरून निघतानाच अंगावर चढवा, पट्टे आवळून.