एकत्रित वर्गाला शिकवू लागताना

अपंग आणि अपंगत्व नसलेल्या प्रशिक्षणार्थींच्या एकत्रित वर्गाची जबाबदारी आपण प्रथमच घेत आहात, म्हणून सुचवतो की कोणाचेही वैद्यकीय प्रमाणपत्र वाचण्याआधी शिकवायच्या कामाचेच बारकाईने टप्पे पाडावेत. शिलाईचे उदाहरण घ्या. पायाने पॅडल मारणे हा शिलाईचा गाभा नव्हे. यंत्राला मोटर बसवून तिचे नियंत्रण हाताकडे दिले, तर पायात ताकद नसलेली व्यक्तीही तितकीच सरळ शिवण घालू शकते, आणि सुईशेजारी बसवलेली चुंबकी पट्टी अंधुक दिसणाऱ्या व्यक्तीला बोटांनी चाचपून कापडाची कड नेमक्या अंतरावर धरता येते. (डोळस नवशिक्यांनाही ती हवीशी वाटते, हा अनुभव आहे.) संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारानुसार असे वाजवी बदल नाकारणे हा भेदभाव ठरतो, तेव्हा ते उपकाराच्या सुरात करू नयेत.

कर्णबधिर प्रशिक्षणार्थी असल्यास आधी समजावून सांगावे आणि मग करून दाखवावे, कारण आपले बोलणे खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या दुभाष्याचे हात आणि आपले हात त्यांना एकाच वेळी पाहता येत नाहीत.

परीक्षेत वेळ वाढवून द्यावा, उत्तराची पद्धत बदलावी, पण वाकडी शिवण मात्र उसवायलाच लावावी. दयेपोटी दिलेले गुण नोकरीत लगेच उघडे पडतात. मालकांशी बोलणी अभ्यासक्रम संपण्याची वाट न पाहता सुरू करावीत आणि कामाच्या जागेचा उंबरठा, स्वच्छतागृह व आगीची सूचना देणारा दिवा स्वतः जाऊन, शक्यतो त्या प्रशिक्षणार्थीसह, पाहून यावे.