दहावीनंतर टिंकरिंग शिकू द्यावं का?

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा दहावी पास झाला. मे महिन्याच्या सुट्टीत म्हापशाला एका टिंकरकडे, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणाऱ्याकडे, बसायला लागला आणि आता तेच शिकायचं म्हणतो. ‘हातोडाच मारायचा होता तर शाळेत कशाला घातला,’ असं त्याचे बाबा म्हणतात.

ताई, आधी मुलाला विचारा, टिंकरिंग आवडतं की पेंटिंग? दुकान एकच दिसलं तरी धंदे दोन आहेत.

दाराचा पोचा काढणं ही टिंकरिंगची सुरुवात झाली. खरी परीक्षा समोरून ठोकलेल्या गाडीत. आतला सांगाडा किती मिलिमीटर सरकलाय ते मोजून, गाडी घट्ट धरणाऱ्या लोखंडी बेंचवर ओढून तो जागेवर आणायचा. नव्या गाड्यांचे पिलर, म्हणजे छप्पर पेलणारे खांब, जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात. गॅसने तापवून सरळ केले तर दिसतात छान, पण ताकद गेलेली असते. पुढच्या ठोकरीत ते आतल्या माणसाला वाचवत नाहीत. जो मेस्त मोजपट्टी न लावता सगळं तापवतो, त्याच्याकडे मुलाला ठेवू नका.

पेंटिंगला आपल्या गोव्यात पाऊस छळतो. पुट्टी पाणी पिते. ती पुरती सुकायच्या आत प्रायमर मारला की काही महिन्यांत रंगाला फोड येतात. दमट हवेत रंग पांढुरका पडतो, म्हणून बंद बूथ लागतो. त्यात खारी हवा पत्र्याचे जोड खाते आणि काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या रोज कुठेतरी घासून येतात. कामाला तोटा नाही. पण क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा चकचकीत थर, कडक करणाऱ्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. यात मी कडक आहे.

आयटीआयच्या अभ्यासक्रमात ‘मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर’ आणि ‘मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग’ असे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत, दहावीवर. जवळच्या आयटीआयत चौकशी करा. तिथे नसले तर २ वर्षांचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड घ्यावा आणि मग कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, बॉडी शॉपमध्येच, अप्रेंटिसशिप. विद्यावेतन मिळतं.

बाबांना डिप्लोमाच हवा असेल तर तोही याच रस्त्यावर आहे. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, मग प्रशिक्षण, परीक्षा आणि आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, परवाना, की विम्याचा सर्व्हेयर, म्हणजे ठोकलेल्या गाडीचं नुकसान ठरवणारा, होता येतं.  आधी हातात हातोडा धरलेला सर्व्हेयर आत किती मोडलंय हे लवकर ओळखतो.

तूर्तास एक करा. बाबांनाच एक दिवस त्या गॅरेजवर पाठवा. भिंतीवर मास्क टांगलाय का, आणि तो वापरून मळलेला आहे का, एवढं बघून येऊ देत.