जेवणानंतर चार तासांनी रक्त दुधासारखं का दिसलं?

प्रश्न : डॉक्टर, माझे सासरे ६१ वर्षांचे आहेत. मागच्या रविवारी घरी मटण होतं, रश्श्यावर तेलाची चांगली तर्री, शेवटी भातावर तूप. दीडला जेवले आणि साडेपाचला जाऊन रुटीन चेकअपचं रक्त देऊन आले, कारण उपाशीपोटी या असं कोणी सांगितलंच नव्हतं. लॅबवाल्यांनी नळी दाखवली तर वरचा भाग दुधासारखा पांढरा, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३८०! आम्ही सगळे घाबरलोय. शिवाय असं जेवण झालं की त्यांना संध्याकाळपर्यंत जड जड वाटतं, डोळे मिटतात. सासूबाई म्हणतात वरून गार पाणी प्यायले म्हणून तेल पोटात गोठलं. खरं काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी घाबरणं थांबवा. नळीत जे पांढरं दिसलं ती बरीचशी दुपारच्या जेवणातलीच चरबी होती, पचून रक्तात आलेली.

तेल-तूप जठरात फारसं पचत नाही, खरं काम लहान आतड्यात होतं. तिथं चरबी पोचली की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं, ते जठराला सांगतं बाकीचं जरा दमानं सोड, आणि पित्ताशयाला सांगतं आता पित्त ओत. तर्रीची कढई नुसत्या पाण्यानं निघते का? साबण लावला की तेल सुटतं, तसंच पित्त तेलाचे बारीक थेंब करतं आणि मग स्वादुपिंडाचा रस ते तोडतो. जठर हळूहळू रिकामं होतं म्हणून ते जडपण. गार पाण्याचा यात काही दोष नाही, पोटात ३७ डिग्री असतं, तिथं पाणीच थोड्या वेळात कोमट होतं, तेल कुठून गोठणार.

पुढचा रस्ता मला स्वतःला फार विलक्षण वाटतो. साखर आणि प्रथिनं आतड्यातून सरळ लिव्हरकडे जातात, पण जेवणातली बहुतेक चरबी तशी जात नाही, तिचे कायलोमायक्रॉन नावाचे बारीक गोळे बनतात, ते लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्ताऐवजी पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, छातीतून वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत रक्तात मिसळतात. रक्त दुधाळ दिसतं ते या गोळ्यांमुळे. साधारण ३ ते ४ तासांनी ट्रायग्लिसराइड सगळ्यात वर असतं आणि मग पुढच्या काही तासांत उतरतं. म्हणजे सासऱ्यांनी नेमकं टोकावर असताना रक्त दिलं!

आता १२ तास उपाशी राहून परत तपासा, आदल्या रात्री साधं जेवण आणि दारू नको, पाणी प्यायलं तर चालतं. १५० च्या खाली आलं तर उत्तम. तरीही २०० च्या वर राहिलं तर शुगर आणि थायरॉइड बघायला लागेल, आणि ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तिथं मात्र दिरंगाई नको.

महिन्यातून एखादा रविवार असा झाला तर मी काही बोलणार नाही, पण रोज रात्री तळलेलं नको, कारण अशा जेवणानंतर काही तास रक्तवाहिन्या नेहमीसारख्या मोकळ्या होत नाहीत असं तपासण्यांत दिसलंय, आणि पोट-अन्ननलिकेमधली झडप सैल पडून आम्ल वर येतं. म्हणून जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका, दोन-तीन तास तरी, हळूहळू चालायला न्या.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अशा जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत किंवा उजव्या खांद्यात जात असेल तर पित्ताशयातल्या खड्यासाठी सोनोग्राफी करा. आणि छातीवर दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं असलं तर गॅस झाला म्हणून ओवा-सोडा देत बसू नका, लगेच १०८ ला फोन लावा.