केमो आणि रेडिएशन एकत्र का देतात?
तुमच्या बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर स्टेज ३ आहे, ऑपरेशन होणार नाही आणि डॉक्टर दोन्ही एकदम सुरू करा म्हणतायत, तर आधी केमो संपवून मग रेडिएशन का नाही, हा प्रश्न आम्हालाही काकांच्या वेळी पडला होता. कारण असं की केमोच्या औषधाने कॅन्सरच्या पेशी रेडिएशनला जास्त हळव्या होतात, शिवाय शरीरात इतरत्र लपलेल्या पेशींवरही औषध काम करतं. एकामागून एक देण्यापेक्षा एकत्र दिल्यावर पेशंट जास्त जगतात हे अभ्यासांत दिसलंय, पण त्रासही जास्त, मुख्य म्हणजे अन्ननलिका सोलवटते आणि गिळताना फार दुखतं. म्हणून तब्येत, वजन, किडनी बघूनच ठरवतात, अशक्त माणसाला वेगवेगळं देणंच बरं.

रेडिएशन साधारण ६ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, एकूण ६० ग्रेच्या (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आसपास. काका डोंबिवलीहून परळला टाटात जायचे, पण केमोने पांढऱ्या पेशी कमी झाल्या की इन्फेक्शन पटकन होतं, तेव्हा लोकलची गर्दी नकोच, जवळ राहायची सोय होते का बघा. मऊ भात, ताक, अंडं असं पोटात जाऊ द्या, रेडिएशनचे मधले दिवस चुकवू नका. ताप १०० च्या वर गेला तर रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि हे संपल्यावर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देता येईल का तेही विचारून ठेवा.