कर्कटकाचं भोक फोटोत दिसत नाही

प्रश्न : नमस्कार सर, मी पाटण तालुक्यात एका हायस्कूलवर नववी-दहावीला गणित शिकवते. कोरोनात ऑनलाइन सुरू झालं तेव्हा झूमची 40 मिनिटं "मॅडम आवाज येत नाय" ह्यातच जायची. कोयनेच्या विजेचं नाव अख्ख्या महाराष्ट्रात, आणि आमच्याकडे पाऊस लागला की लाइट गुल! मग मी ओट्यावर वही ठेवायची, वर डब्यांच्या मांडणीला मोबाइल सुतळीने बांधायचा आणि छोटे व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचे. पोरं वहीचे फोटो पाठवायची. 2021 ला दहावीची परीक्षा रद्द झाली आणि गुण द्यायचं आमच्यावर आलं. एका मुलाची वर्तुळं इतकी गरगरीत की मी त्याला 30 पैकी 28 दिले. दाखला न्यायला आला तेव्हा हसत म्हणाला, "मॅडम, ती ताईच्या बांगडीनं काढायचो." आणि एक मुलगी, घरात मोबाइल एकच, तो वडील कामावर न्यायचे, तिचे फोटो मोजून चार आले, तिला 19. ते अजून टोचतं. माझं चुकलं का?

उत्तर : मॅडम, मुलीच्या बाबतीत चुकलं, उगाच गुळमुळीत कशाला बोलू. तिला गणिताचे नाही, मोबाइलचे मार्क मिळाले. पण तेव्हाचं सूत्र आठवा : नववीचे 50, दहावीच्या वर्षातल्या लेखी कामाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20. त्यात ह्या पोरांची नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा 2020 मध्ये झालीच नव्हती, म्हणजे ते 50 सुद्धा अर्ध्या वर्षावर उभे! राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. अशात तुमचे 28 आणि 19 एवढेच काय ते खोटे, असं धरून बसू नका.

बांगडीवाल्याचा मला तर रागच येत नाही. फक्त फोटोत काय दिसतं ते बघा. बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची तर कर्कटकाचं टोक केंद्रावर टेकतं, मग बाहेरच्या बिंदूवर, मग मध्यबिंदूवर, कागदाला तीन भोकं पडतात. बांगडीनं गोल येतो, भोक कुठनं येणार? आणि फोटोत ते भोक दिसत नाही, दिसते ती फरशी, कोपऱ्यात आलेला अंगठा आणि एखादी कोंबडी.

माझी नोकरी साताऱ्याजवळ, रिटायर व्हायला आलेलो, मीही आधी फोटोच बघायचो, डोळ्यांची वाट लागली. नंतर रोज संध्याकाळी सात-आठ पोरांना साधा फोन लावायला लागलो, एकच प्रश्न, "टोक पहिल्यांदा कुठं टेकवलंस आणि का?" दोन मिनिटांत कळायचं. ह्याला नेटही लागत नाही, घरातला डबा फोनसुद्धा चालतो, वडील रात्री घरी आले की मुलगी बोलू शकते. सगळ्यांना जमलं असं नाही हां, त्याच वर्षी आमच्यातले कितीतरी जण 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'त ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होते, फोन कधी करणार!

त्या मुलीचे मार्क आता बदलत नाहीत. पण गावातच असेल तर घरी जा, व्हॉट्सअपवर सॉरी टाकू नका, चहा घ्या आणि "तुझे मार्क मी कमी लावले" एवढं तोंडानं सांगा. ती कदाचित म्हणेल मला आठवतच नाही. म्हणू दे.

प्रश्न : सर, आमची शाळा तासगाव भागातली. शाळा सुरळीत सुरू होऊन एवढी वर्षं झाली तरी गृहपाठाचे फोटो ग्रुपवर मागवायची पद्धत चालूच आहे, वह्या गोळा करायचा त्रास वाचतो म्हणतात. चालू ठेवावी का?

उत्तर : सूचना टाकायला ग्रुप बरा आहे, सुट्टी, फी, सहल वगैरे. भूमितीची वही मात्र हातात घ्या. पान उलटायचं आणि मागून बोट फिरवायचं. टोक टेकवलं असेल तिथं बारीक उंचवटा लागतो, साठ वह्यांना अर्धा तास पुरतो. उंचवटा लागला नाही तर पोराला बोलवा, पण आल्या आल्या ओरडू नका, आधी घरी कर्कटक आहे का ते विचारा.