स्टुडिओला आधी दार द्या

तुम्ही चित्रकार, घरात लहान मूल. खाली नुसते खांब, वर एकच मोठं दालन, त्यातच घर आणि स्टुडिओ, आणि तिन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत काच, असा तुमचा आराखडा. देखणा आहे. तरी तो असाच बांधू नका असं मी म्हणेन, कारण त्यात स्टुडिओला दारच नाही.

भिंतींचा अडसर नसलेलं दालन ही आधुनिक वास्तुकलेची मोठी देणगी खरी. पण त्याच परंपरेत कलावंतांची घरं कशी झाली ते पाहा. वास्तुकार हुआन ओ'गॉर्मनने मेक्सिको सिटीत १९३१-३२ मध्ये दिएगो रिवेरा आणि फ्रीडा कालो या चित्रकार जोडप्यासाठी दोन स्वतंत्र घर-स्टुडिओ बांधले आणि ते गच्चीवरच्या पुलाने जोडले. चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्याच्या कॅलिफोर्नियातल्या १९४९ च्या घरात राहायचा भाग एकीकडे, स्टुडिओ दुसरीकडे, मध्ये अंगण. कामाला जायचं तर उघड्यावरून जावं लागतं. त्या चार पावलांत घरातली चिंता मागे पडते. तुम्हीही दालनाची मधली पट्टी उघडी गच्ची म्हणून सोडा. रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास मुलाच्या खोलीत जाऊ नये, एवढ्यासाठी तरी घट्ट बंद होणारं दार हवंच.

आता उजेड. एका चित्रकार बाईंना मी पश्चिमेला भिंतभर काच दिली होती. दुपारी तीननंतर त्यांना काम थांबवावं लागे, आणि बाहेरच्या हिरवळीची हिरवी झाक कॅनव्हासवर पडायची. शेवटी त्यांनी काचेवर पांढरं कापड ताणलं. चूक माझी होती, म्हणून कळकळीने सांगतोय. उत्तर गोलार्धात उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा एकसारखा राहतो, म्हणून स्टुडिओची खिडकी तिकडे आणि उंचावर घ्या. रिवेराच्या स्टुडिओवर तर कारखान्यासारखं करवतदाती छप्पर आहे, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखं, उभ्या बाजूंना काच असलेलं. मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला उन्हाळ्यात काही काळ भरदुपारचा सूर्यही उत्तरेकडे जातो. तिथे वर छज्जा लागतोच. खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, साधारण त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामाजोगा उजेड आत पोचतो. भिंती मॅट, पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी. रंगीत भिंत चित्राचा रंग बिघडवते.

काच घरात हवी तेवढी घ्या, तिथे ती शोभते. स्टुडिओला मात्र एक तरी अखंड भिंत लागते, नाहीतर काम टांगून दुरून बघणार कुठे? त्यासाठी तीनेक मीटर मागे सरकता यायला हवं.

आणखी एक. तुमच्या सर्वांत मोठ्या कॅनव्हासच्या मापाचा कागद आराखड्याच्या प्रमाणात कापा आणि ईझलपासून (कॅनव्हास ठेवायच्या घोडीपासून) खाली गाडीपर्यंत सरकवून पाहा. मी दोन मीटरचा घेऊन पाहिला. जिन्याच्या वळणावर अडला.