इंग्रजांच्या काळात मुंबईत स्वच्छतेचे नियम कडक होते म्हणून शहर स्वच्छ होतं, हे खरं आहे का? आणि आजचा पालिकेचा कायदा तेव्हाचाच आहे का?

नियम कडक होते हे खरं. त्यामुळे शहर स्वच्छ होतं हे मात्र खरं नाही. मी गिरगावात चाळीत वाढलो आणि पुढे पालिकेच्या मलनिःसारण खात्यात तीस वर्षं काढली. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आमच्या चाळीच्या मागे हाउस गल्ली होती. एक माणूस जेमतेम सरळ चालत जाईल एवढी रुंद, कायम ओली, वरच्या खिडक्यांतून पडलेल्या भाजीच्या सालींनी भरलेली. संडासांच्या रांगेखाली, जमिनीलगत, भिंतीत लोखंडी झडपांच्या चौकटी होत्या, विटांनी बुजवलेल्या. शेजारून एक गोल लोखंडी जिना वर जायचा. तो प्रत्येक मजल्यावर संडासाच्या मागच्या बाजूला थांबायचा, पण एकाही बिऱ्हाडात उघडत नसे. लहानपणी आम्ही तो लपाछपीसाठी वापरायचो. एकदा आजीने हाक मारून खाली उतरवलं आणि सांगितलं, ‘अरे, तो मैलावाल्यांचा जिना.’ टोपलीचे संडास होते तेव्हा हलालखोर, म्हणजे मैला उचलणारे कामगार, त्या जिन्याने यायचे आणि डोक्यावर मैला घेऊन त्याच जिन्याने उतरायचे. घरातल्या कुणाच्या नजरेला ते पडू नयेत अशी सोय बांधतानाच केलेली. ही माणसं बहुतेक गुजरात-काठेवाडातून आलेली. मुंबईची स्वच्छता कितीतरी वर्षं यांच्या डोक्यावरून वाहिली गेली.

आता कायद्याकडे येतो. १८६५ च्या कायद्याने शहराला एक पालिका आयुक्त मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. आरोग्य अधिकारी म्हणून डॉ. हेवलेट आले. क्रॉफर्डने झपाटा लावला. कत्तलखाने शहराबाहेर वांद्र्याला हलवले, मंडई बांधली (तीच आजची महात्मा फुले मंडई). पण खर्च हाताबाहेर गेला, करदाते चिडले आणि १८७१ मध्ये त्याला जावं लागलं. पुढच्या वर्षी नवा कायदा आला. पालिकेत ६४ सभासद, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मत कुणाला, तर वर्षाला निदान ५० रुपये कर भरणाऱ्याला. म्हणजे गटार कुठल्या गल्लीत आधी बांधायचं हे ठरवणारे घरमालक आणि व्यापारी. चाळीत भाड्याने राहणाऱ्याला त्यात बोलायला जागा नव्हती, हलालखोराला तर नव्हतीच. ‘कडक नियम’ म्हणताना हे विसरू नका, कारण पुढचं सगळं यातून येतं.

एकच उदाहरण देतो. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आलं. पाणी आलं, पण वापरलेलं पाणी वाहून न्यायला गटारं नव्हती. ते जमिनीत मुरलं, हाउस गल्ल्यांत साचलं. नळ पुढे आणि गटार मागे, हा क्रम आमच्या खात्यात काम करणाऱ्याला आजही ओळखीचा वाटेल.

या सगळ्याचा हिशोब १८९६ मध्ये चुकता करावा लागला. सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तेव्हाचा समज असा की रोग घाणीतून आणि दुर्गंधीतून येतो. म्हणून गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक (जंतुनाशक) सोडलं, भिंतींना चुना मारला, घरात ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढली, राहायला नालायक ठरवलेल्या घरांवर ‘यूएचएच’ (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) अशी अक्षरं रंगवली. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये.

६ ऑक्टोबरला आयुक्त स्नो यांनी रोग्यांना जबरदस्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. २९ तारखेला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले (आजचं कस्तुरबा). दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य झाला. ज्याला घरीच नीट वेगळं ठेवता येईल त्याला हलवायचं नाही, असं ठरलं. यामागे दंग्याची भीती होतीच, पण स्नो यांना आणखी एक मोठी धास्ती होती. घाबरून हलालखोर शहर सोडून गेले, तर मुंबईत राहणंच अशक्य होईल. १८९७ च्या सुरुवातीला शहरातले निम्म्याच्या आसपास लोक पळाले होते, तेव्हा ती धास्ती खोटी नव्हती. ज्यांना मत नव्हतं आणि ज्यांच्यासाठी मागचा जिना होता, त्यांच्यावर सगळं शहर उभं होतं, हे सरकारला त्या महिन्यात कळलं. मला या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि शाळेत ती कुणी शिकवली नाही.

प्लेगनंतर १८९८ मध्ये शहराच्या सुधारणेसाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) आला. बीआयटी चाळी त्याच्याच. ट्रस्टच्या ऑर साहेबांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरून लावला. सोप्या भाषेत, इमारत जेवढी उंच त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी, म्हणजे तळमजल्यावरही उजेड पोचतो. नियम उत्तम होता. पण ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, तेव्हा उठवलेली गरीब माणसं शेजारच्या चाळींत आणखी दाटीने राहिली.

आता दुसरा प्रश्न. हो, पालिका आजही इंग्रजांच्या काळातल्या १८८८ च्या कायद्यावर चालते, अर्थात असंख्य दुरुस्त्यांसह. गटारं बांधणं, साफ ठेवणं आणि मैला-कचरा उचलणं ही पालिकेची बंधनकारक कामं म्हणून कलम ६१ मध्ये आहेत. डासांच्या उत्पत्तीबद्दल सोसायटीला येणारी नोटीस ३८१ खाली येते. प्रौढ मताधिकाराने पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ मध्ये, कायदा झाल्यावर साठ वर्षांनी. आणि घरी मालमत्ता कराचं बिल असेल तर काढून बघा. त्यात ‘मलनिःसारण कर’ अशी ओळ आहे. मूळ कायद्यात त्या कराचं नाव ‘हलालखोर कर’ होतं.